जुनी अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल घेताना एबीएसला किती महत्त्व द्यावे?

नवी अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकल घेणाऱ्याला एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जागीच थांबू (लॉक होऊ) न देणारी यंत्रणा, हवे की नको, हे ठरवण्याची वेळ सहसा येत नाही, कारण बहुतेक नव्या गाड्यांवर ते असतेच. जुनी गाडी शोधणाऱ्यासमोर मात्र एकाच मॉडेलच्या दोन गाड्या येऊ शकतात. एकीवर एबीएस असते आणि ती थोडी महाग असते. दुसरीवर ते नसते, पण ती स्वस्त असते आणि कदाचित कमी चाललेलीही असते. कच्च्या रस्त्यांवर मुरलेले काही चालक एबीएस ही अडचणच असल्याचे सांगतात, तर केवळ डांबरी रस्त्यावर फिरणाऱ्यांना त्याशिवाय गाडी घेणे अविचाराचे वाटते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण दोघेही निरनिराळ्या जमिनीबद्दल बोलत असतात, आणि अ‍ॅडव्हेंचर गाडीला दोन्ही जमिनींवर चालायचे असते.

माझे मत सुरुवातीलाच सांगतो. एबीएस नीट चालत असेल आणि निदान मागच्या चाकापुरते बंद करता येत असेल, तर त्यासाठी जास्त पैसे मोजणे योग्य आहे. बंद पडलेल्या एबीएसची गाडी मात्र, मुळातच एबीएस नसलेल्या धडधाकट गाडीपेक्षा वाईट खरेदी ठरू शकते. हा निर्णय खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो, कारण एबीएस नसलेल्या मोटरसायकलवर ते नंतर बसवणे व्यवहारात जवळजवळ अशक्य असते. त्यासाठी हायड्रॉलिक युनिट (ब्रेकमधील दाब कमी-जास्त करणारा भाग), चाकांचे सेन्सर, दातेरी रिंगा, वायरिंग आणि त्या विशिष्ट गाडीसाठी जुळवलेला कंट्रोलर एवढे सगळे लागते.

एबीएस नेमके काय करते

प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी किंवा छिद्रांची रिंग असते आणि तिच्यासमोर एक सेन्सर असतो. त्यावरून कंट्रोलरला चाकाच्या वेगाची माहिती सतत मिळत राहते. ब्रेक दाबल्यावर एखाद्या चाकाचा वेग अचानक कोसळू लागला, तर ते लॉक होण्याच्या बेतात आहे असे कंट्रोलर ओळखतो आणि त्या चाकाच्या ब्रेकमधील दाब क्षणभर कमी करून पुन्हा वाढवतो. हे एका सेकंदात अनेकदा घडते आणि लिव्हरला किंवा पेडलला जाणवणारी धडधड त्याचीच असते. डांबरी रस्त्यावर टायरची पकड सर्वांत चांगली असते ती चाक किंचित घसरत, म्हणजे साधारण दहा ते वीस टक्के स्लिपवर फिरत असताना. चाक पूर्ण थांबले की पकड घटते आणि पुढच्या चाकाच्या बाबतीत त्याहून गंभीर गोष्ट घडते: गाडीचा तोलच जातो. मागचे चाक लॉक झाले तर गाडी शेपटी हलवते आणि सावरायला थोडा वेळ मिळतो. पुढचे चाक लॉक झाले तर सेकंदाच्या आतच चालक खाली असतो.

एबीएसचा खरा फायदा समजून घ्यायचा तर थोडे गणित पाहावे लागेल. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी दर सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. चांगल्या टायरवर, कोरड्या डांबरावर आणि पूर्ण ताकदीने ब्रेक लावला तर वेग सेकंदाला सुमारे ९ मीटर प्रतिसेकंद इतका कमी करता येतो आणि गाडी साधारण २७ मीटरांत थांबते. चाक लॉक होण्याच्या धास्तीने चालकाने हात आखडता घेतला आणि वेग सेकंदाला ६ मीटर प्रतिसेकंद इतकाच कमी झाला, तर थांबायला सुमारे ४१ मीटर लागतात. हा चौदा मीटरांचा फरक कागदावर फार मोठा वाटत नाही. पण पहिली गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबली, त्या ठिकाणाहून दुसरी अजून ताशी सुमारे ४६ किलोमीटर वेगाने पुढे जात असते. कसलेला चालक एबीएसशिवायही २७ मीटरांच्या जवळ पोहोचू शकतो, पण त्यासाठी त्याला रस्त्याची कल्पना असावी लागते, मनाची तयारी असावी लागते आणि हात शांत असावा लागतो. अचानक समोर जनावर येते तेव्हा यांपैकी काहीच हाताशी नसते. पुढचा ब्रेक निर्धास्तपणे पूर्ण दाबण्याची मुभा मिळते, हाच एबीएसचा मुख्य लाभ आहे.

अमेरिकेतील इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टी या संस्थेने एकाच मॉडेलच्या एबीएस असलेल्या आणि नसलेल्या मोटरसायकलींची तुलना केली आहे. २०१३ च्या अभ्यासात एबीएस असलेल्या गाड्यांचे प्राणघातक अपघातांचे प्रमाण ३१ टक्क्यांनी कमी आढळले. नंतरच्या विश्लेषणात ही घट २२ टक्के असल्याचे दिसले. असे आकडे वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवावी. जास्तीचे पैसे देऊन एबीएस घेणारा माणूस मुळातच थोडा सावध असू शकतो, त्यामुळे सगळे श्रेय यंत्रणेला देता येत नाही. तरीही फरक इतका मोठा आहे की तो केवळ चालकाच्या स्वभावाचा परिणाम असेल, असे मानणे कठीण आहे.

अ‍ॅडव्हेंचर गाडीच्या बाबतीत या हिशेबात आणखी काही गोष्टी मिळवाव्या लागतात. या गाड्या उंच असतात आणि त्यांचे सस्पेन्शन लांब पल्ल्याचे असते, त्यामुळे ब्रेक लावताच पुढचा भाग बराच खाली बसतो आणि वजन पुढे सरकायला थोडा वेळ लागतो. ते सरकण्याआधीच लिव्हर झटक्यात दाबला, तर पुढचे चाक सहज लॉक होते. त्यातच जाड गोट्यांचे ऑफ-रोड टायर असतील, तर डांबराला टेकणारे रबर कमी असते आणि ओल्या रस्त्यावर पकड लक्षणीयरीत्या घटते. म्हणजे ज्या चालकाने कच्च्या रस्त्यासाठी असे टायर घातले आहेत, त्यालाच पक्क्या रस्त्यावर एबीएसची गरज सर्वांत जास्त असते. एबीएसच्या विरोधात बोलणाऱ्यांकडून हा मुद्दा बहुधा निसटतो.

कच्च्या रस्त्यावर ते आडवे का येते

खडी, मुरूम, वाळू किंवा खोल चिखल यांवर लॉक झालेले चाक पुढे घसरताना स्वतःसमोर सैल मालाचा ढीग साचवते आणि त्या ढिगाचा अडथळाच गाडी थांबवायला मदत करतो. एबीएस चाकाला फिरत ठेवते, त्यामुळे ढीग साचत नाही आणि थांबण्याचे अंतर वाढते. तीव्र उतारावर हे फार अस्वस्थ करणारे असते. चालक दोन्ही ब्रेक दाबून बसलेला असतो, लिव्हर धडधडत असतो आणि गाडी मात्र आपल्या गतीने खाली जात राहते. जुन्या पिढीच्या यंत्रणांमध्ये हा दोष अधिक ठळक होता, कारण त्यांचा सॉफ्टवेअर तर्क डांबर डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेला होता.

दुसरी अडचण लाटालाटांच्या, खडबडीत रस्त्याची. ब्रेक लावलेला असताना चाक उंचवट्यावरून क्षणभर हवेत गेले की त्याचा वेग झपाट्याने घटतो. कंट्रोलर त्याला लॉक समजून दाब सोडतो आणि चाक जमिनीवर परतते तेव्हा ब्रेक क्षणभर नाहीसा झाल्यासारखा वाटतो. पक्क्या रस्त्यावरील खड्ड्यांतही हा अनुभव येतो, पण तिथे तो बहुधा निभावून जातो. अरुंद, उताराच्या पायवाटेवर तो निभावेलच असे नाही.

या अडचणीवर उपाय म्हणून मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आली. मागचे चाक मुद्दाम लॉक करून गाडी वळवणे किंवा उतारावर वेग मोडणे ही कच्च्या रस्त्यावरची नेहमीची पद्धत आहे आणि तेवढ्यासाठी मागचे एबीएस बंद करता येणे पुरेसे असते. पुढचे एबीएस सैल जमिनीवरही चालू ठेवावे असे माझे मत आहे, मात्र त्याचा हस्तक्षेप कमी करणारा ऑफ-रोड मोड असावा. वाळूत किंवा अगदी तीव्र उतारावर पुढचेही बंद करावेसे वाटेल, पण तेवढे नियंत्रण ज्याच्या बोटांत आहे, त्याला हे मार्गदर्शन वाचण्याची गरज बहुधा नसते.

कोणत्या वर्षाची गाडी, कोणते एबीएस

सगळी एबीएस सारखी नसतात आणि जुन्या गाडीच्या बाबतीत वर्ष पाहणे अत्यावश्यक ठरते. मोटरसायकलवर इलेक्ट्रॉनिक एबीएस प्रथम १९८८ मध्ये बीएमडब्ल्यूच्या के १०० मालिकेवर आले; त्या यंत्रणेचे वजनच सुमारे ११ किलो होते. आजची युनिटे एका किलोच्या आसपास किंवा त्याहून हलकी असतात. या दोन टोकांच्या मध्ये अनेक पिढ्या होऊन गेल्या.

त्यांतील एका पिढीबद्दल खास सावध राहावे. २००० नंतरच्या काही वर्षांत बीएमडब्ल्यूने आर ११५० जीएस आणि सुरुवातीच्या आर १२०० जीएसवर विजेच्या पंपाची मदत घेणारे सर्वो ब्रेक एबीएससोबत दिले. हे ब्रेक जोरदार आहेत, पण इग्निशन बंद असताना किंवा युनिट निकामी झाल्यावर ब्रेकची ताकद फारच थोडी उरते. युनिट महाग आहे आणि ब्रेक ऑइल बदलण्याचे कामही किचकट आहे. २००७ च्या मॉडेलपासून आर १२०० जीएसवरून सर्वो गेला आणि साधे, अधिक भरवशाचे एबीएस आले. त्यामुळे २००७ च्या आगेमागेची गाडी पाहत असाल, तर तिच्यावर नेमकी कोणती यंत्रणा आहे याची खात्री करून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. सर्वो नसलेल्या साध्या एबीएसमध्ये मात्र यंत्रणा बंद पडली तरी नेहमीचा हायड्रॉलिक ब्रेक शाबूत राहतो.

बंद करण्याच्या सोयीत मॉडेलनुसार मोठा फरक आहे. सुझुकी व्ही-स्ट्रॉम ६५० वर २००७ पासून एबीएस मिळू लागले, पण ते बंद करण्याचे बटण नाही. २०१६ ची होंडा आफ्रिका ट्विन सीआरएफ १००० एल फक्त मागचे एबीएस बंद करू देते. यामाहा टेनेरे ७०० वर ते पूर्ण बंद करता येते. रॉयल एनफिल्ड हिमालयनच्या २०१६ च्या पहिल्या गाड्यांवर एबीएस नव्हते. नंतर दोन्ही चाकांचे आले आणि २०२० पासून मागचे बंद करण्याचा स्विच आला. कावासाकी केएलआर ६५० ही २०१८ पर्यंत एबीएसविनाच विकली गेली. बहुतेक गाड्यांवर इग्निशन बंद करून पुन्हा चालू केले की एबीएस आपोआप पूर्ववत चालू होते. हे सुरक्षेसाठीच केलेले असते, तरी उतारावर इंजिन बंद पडल्यावर ते विसरायला होते.

वळणावर झुकलेल्या स्थितीतही काम करणारे कॉर्नरिंग एबीएस २०१४ च्या मॉडेलवर्षात केटीएम ११९० अ‍ॅडव्हेंचरपासून मोटरसायकलवर आले. साधे एबीएस गाडी किती झुकली आहे हे ओळखत नाही, त्यामुळे वळणात जोरात ब्रेक लावल्यास ते पडण्यापासून वाचवेलच असे नाही. जुन्या गाडीत कॉर्नरिंग एबीएस मिळाले तर उत्तमच, पण केवळ त्यासाठी आवाक्याबाहेरची गाडी घेऊ नये.

कायद्याची तारीखही शोधाला मदत करते. युरोपीय संघात १२५ सीसीवरील नव्या मॉडेलना २०१६ पासून आणि सर्व नव्या गाड्यांना २०१७ पासून एबीएस सक्तीचे झाले. भारतात हेच अनुक्रमे एप्रिल २०१८ आणि एप्रिल २०१९ पासून झाले, मात्र तेथे केवळ पुढच्या चाकाचे सिंगल चॅनेल एबीएसही नियमात बसत होते. म्हणून ‘एबीएस आहे’ एवढ्या शब्दावर न थांबता ते एका चाकाचे आहे की दोन्ही, हे विचारावे.

पाहणी करताना

सुरुवात मीटर कन्सोलपासून करावी. इग्निशन चालू करताच एबीएसचा दिवा लागला पाहिजे. इंजिन चालू झाल्यावर गाडी जागेवर उभी असेपर्यंत तो लागलेला किंवा लुकलुकत राहिला पाहिजे आणि गाडी ताशी पाच ते दहा किलोमीटरने पुढे गेल्यावर विझला पाहिजे. दिवा मुळीच लागत नसेल, तर बल्ब काढला असण्याची किंवा दिव्यावर पट्टी चिकटवली असण्याची शंका घ्यावी. इंजिन सुरू होताच, गाडी न हलताही तो विझत असेल, तर तो दुसऱ्या दिव्याच्या वायरीला जोडलेला असू शकतो. येथे एक अपवाद नोंदवून ठेवतो. गाडी सेंटर स्टँडवर उभी करून गिअरमध्ये चालवली असेल, तर मागचे चाक फिरते आणि पुढचे स्थिर राहते, त्यामुळे अनेक गाड्यांवर दिवा लागतो. तो बिघाड नसतो आणि इग्निशन बंद-चालू केल्यावर जातो.

दिवा विझला म्हणून समाधान मानू नये. मालकाच्या परवानगीने मोकळ्या, सरळ, थोड्या सैल रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरच्या वेगात मागचे पेडल जोराने दाबावे. पेडलखाली धडधड जाणवली आणि चाक घसरत न राहता फिरत राहिले, तर मागची बाजू काम करते आहे. त्याआधी मागचे एबीएस स्विचने बंद केलेले नाही ना, हे पाहावे, नाहीतर चांगल्या गाडीला उगाच दोष लागेल. पुढच्या ब्रेकची अशी चाचणी सैल जमिनीवर करू नये. ती फक्त कोरड्या, स्वच्छ डांबरावर, गाडी पूर्ण सरळ असताना आणि दाब टप्प्याटप्प्याने वाढवत करावी. त्याचा सराव नसेल तर सोबत नेलेल्या अनुभवी चालकावर किंवा मेकॅनिकवर ती सोपवावी.

मग खाली वाकून चाके पाहावीत. दातेरी रिंग वाकलेली किंवा दाते तुटलेली नसावी. टायर काढता-घालताना ती वाकण्याचे प्रकार होतात. सेन्सर आणि रिंग यांच्यातील फट जेमतेम एखाद्या मिलिमीटरची असते, त्यामुळे चिखल, लोखंडी कीस किंवा ढिले बेअरिंग एवढ्यानेही दिवा लागू शकतो. सेन्सरची वायर फोर्कच्या आणि स्विंगआर्मच्या कडेने क्लिपमध्ये नीट बसवलेली आहे का, कुठे जोड देऊन टेप गुंडाळली आहे का, हे पाहावे. पुढचे चाक १९ इंचांचे बदलून २१ इंचांचे केले असेल, तर रिंग, सेन्सर आणि कंट्रोलर यांचा हिशेब कसा जुळवला, हे विक्रेत्याला सांगता आले पाहिजे. त्याचे उत्तर गुळमुळीत असेल तर गाडी तिथेच सोडावी.

सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे ब्रेक ऑइल. ते हवेतील ओलावा शोषत जाते. डॉट ४ या प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, ओलावा मुरल्यावर त्याची प्रमाणित मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. एबीएसच्या गाडीत याचा दुहेरी तोटा होतो, कारण तेच ओलसर ऑइल हायड्रॉलिक युनिटमधील बारीक व्हॉल्व्हमध्ये वर्षानुवर्षे बसून त्यांना गंज चढवते. अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी ते बदलायला सांगतात. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये इंजिन ऑइलच्या नोंदी भरपूर आणि ब्रेक ऑइलची एकही नाही, असे दिसले तर युनिटच्या आयुष्याबद्दल शंका घ्यावी. रिझर्व्हायरमधील ऑइल चहासारखे गडद दिसत असेल, तर नोंदवही पाहण्याचीही गरज नाही.

दिवा लागलेला असेल तर

अशी गाडी लगेच नाकारण्याचे कारण नाही, पण विक्रेत्याच्या ‘फक्त सेन्सर साफ करायचा आहे’ या वाक्यावर व्यवहार करू नये. कारण खरेच साधे असू शकते: मळलेला सेन्सर, तुटलेली वायर, किंवा स्टार्ट करताना व्होल्टेज पाडणारी अशक्त बॅटरी. ते युनिटही असू शकते, आणि मग दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा होतो. डायग्नोस्टिक उपकरणाने साठवलेले फॉल्ट कोड वाचले की बहुतांश शंका मिटते. विक्रेता ते वाचू देत नसेल किंवा नेमके परवाच कोड पुसले असल्याचे सांगत असेल, तर युनिट खराब आहे असे धरूनच किंमत बोलावी. काम इतके सोपे असेल तर विक्रेत्याने ते आधीच करून घेतले असते, हा साधा तर्क येथे सहसा चुकत नाही.

फ्यूज काढून एबीएस कायमचे बंद केलेली गाडीही बाजारात दिसते. बटण नसलेल्या गाडीचा मालक कच्च्या रस्त्यापुरते असे करत असेल, तर ते समजण्यासारखे आहे; तरी फ्यूज परत बसवून दिवा व्यवस्थित विझतो का, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे. सर्वो ब्रेकच्या गाडीवर हा उद्योग मुळीच करू नये.

एबीएसविना गाडी कोणी घ्यावी

ज्याचे बहुतेक चालवणे खरोखरच कच्च्या वाटांवर आणि कमी वेगाने होते, ज्याला हलकी, साधी, वाटेत स्वतः दुरुस्त करता येणारी गाडी हवी आहे आणि ज्याने आपत्कालीन ब्रेकिंगचा सराव केलेला आहे, त्याने निःशंकपणे घ्यावी. केवळ किंमत कमी आहे म्हणून घेणाऱ्याने मात्र आपले चालवणे प्रामाणिकपणे तपासावे. अ‍ॅडव्हेंचर गाडी घेताना डोळ्यांसमोर डोंगरवाट असते आणि प्रत्यक्षात बहुतेक किलोमीटर डांबरावर, वाहतुकीत, अनेकदा पावसात आणि मागे सामान बांधून होतात. अशा वापरासाठी चालू एबीएसची थोडी जुनी किंवा जास्त चाललेली गाडी मी एबीएसविना चकचकीत गाडीपेक्षा आधी निवडेन. एबीएसची गाडी शोधूनही मिळाली नाही, तर वाचलेल्या पैशांतून प्रथम चांगले टायर, नवे ब्रेक पॅड आणि ब्रेकच्या नव्या नळ्या घ्याव्यात. क्रॅश गार्ड आणि जादा दिवे नंतर येऊ शकतात.

एबीएसची गाडी घेतली असेल, तर पहिल्याच आठवड्यात ब्रेक ऑइल बदलून घ्यावे आणि ते करताना युनिटमधील जुने ऑइलही बाहेर पडेल असे ब्लीडिंग करायला सांगावे; काही गाड्यांत त्यासाठी युनिटचा पंप आणि व्हॉल्व्ह उपकरणाने चालवावे लागतात. त्यानंतर रिकाम्या, कोरड्या डांबरावर कमी वेगापासून सुरुवात करून पुढचा लिव्हर एबीएस धडधडेपर्यंत दाबण्याचा सराव करावा. ती धडधड पहिल्यांदा जाणवली की बोटे नकळत सैल पडतात आणि सगळा फायदा तिथेच वाया जातो. म्हणून बोटांना दाब टिकवून धरण्याची सवय लागेपर्यंत हा सराव सुरू ठेवावा आणि टायर बदलल्यावर तो पुन्हा करावा.